माझा नंबर कुठून मिळाला?

२०२०च्या सप्टेंबरमध्ये मला पहिली नोकरी लागली. मीरा रोड स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, मोबाईलच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. माझी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा लांबली होती. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती, त्यामुळे एरवी अंधेरी-गोरेगावला जाणारी आमच्याकडची मुलंमुली घराजवळ मिळेल ते काम शोधत होती. त्या गाळ्यात आम्ही अकरा जण मास्क लावून बसायचो आणि लोकांना फोन करायचो. घरं विकणारे वेगळे होते. आम्ही फक्त घर घेऊ शकेल असं माणूस शोधून द्यायचं. त्या माणसाला तिथे कुणी माणूस म्हणत नसे. लीड म्हणत.

धंद्याला दिवस बरे होते. १ सप्टेंबरपासून राज्य सरकारने स्टँप ड्यूटी तीन टक्क्यांनी कमी केली होती आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंतच होती. पन्नास लाखांच्या घरामागे दीड लाख वाचत होते. कित्येक महिने घरात कोंडलेल्या, पगार कापलेल्या लोकांना ‘आत्ताच घ्या’ म्हणायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं.

पहिल्या दिवशी मला एक एक्सेल शीट मिळाली. नाव, नंबर, एरिया, रिमार्क असे चार रकाने. दिवसाला दीडशे कॉल. शिवाय बोलायची स्क्रिप्ट, हिंदीत आणि मराठीत. मला वाटलं होतं लोक आधी किंमत विचारतील. पण किंमत नंतर यायची. त्याआधी एक प्रश्न यायचा, कुणी चिडून विचारायचं, कुणी घाबरून, कुणी नुसतंच कुतूहल म्हणून: “माझा नंबर कुठून मिळाला?”

स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर होतं. “सर, तुम्ही आमच्या वेबसाइटवर इन्क्वायरी केली होती.” त्यांनी केली असो वा नसो, उत्तर हेच. आणि ते चालायचं. कारण रात्री अंथरुणात पडून आपण कुठे काय दाबलं, हे कुणालाच नक्की आठवत नसतं. समोरचा दोन सेकंद गप्प व्हायचा. त्या दोन सेकंदांत तो माझ्यावर नाही, स्वतःवरच संशय घ्यायचा. मग मी पुढचं वाक्य वाचायचो.

मी हे काम आठ महिने केलं. त्याला आता काही वर्षं झाली. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. हा लेख त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

*

नंबर खरंच कुठून यायचे, ते आधी सांगतो.

काही अगदी सरळ मार्गाने यायचे. तुम्ही एखाद्या पोर्टलवर ‘वन बीएचके, मीरा रोड’ शोधता, एका फ्लॅटखाली ‘संपर्क करा’ दाबता. तुम्हाला वाटतं, आपण एका घरमालकाला विचारलं. प्रत्यक्षात तुमचा नंबर चार-पाच एजंटांकडे पोचलेला असतो. काही फेसबुकच्या फॉर्ममधून यायचे. त्या फॉर्ममध्ये तुमचं नाव आणि नंबर आधीच भरलेला असतो, तुम्ही फक्त ‘सबमिट’ करायचं. ते बटण अंगठ्याच्या अगदी जवळ असतं. काही नंबर मॉलमधल्या लकी ड्रॉच्या डब्यातून आलेले असायचे. आणि काही शीट अशा होत्या की त्या कुठून आल्या हे विचारायचं नसतं. एकदा तर एका सोसायटीच्या गेटवरच्या व्हिजिटर रजिस्टरचे फोटोच आले होते. वॉचमनच्या अक्षरातली नावं बघून आम्ही टाइप करून घेतली.

मग या नंबरांची निवड. कोल्ड, वॉर्म, हॉट. त्यासाठी चार गोष्टी काढून घ्यायच्या: बजेट किती, निर्णय कोण घेणार, गरज काय आणि कधीपर्यंत. चारही उत्तरं मिळाली की लीड हॉट. रिंग वाजून कुणी उचललं नाही तर ‘आरएनआर’. नको म्हणाले तर ‘एनआय’. नंतर करा म्हणाले तर ‘कॉलबॅक’. एखाद्याने शिव्या घातल्या तरी रिमार्क ‘कॉलबॅक’च लिहायचा, कारण माणूस निदान बोलला तरी.

मराठीत यासाठी शब्द नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे जो आपल्या पायाने दुकानात येतो. लीड म्हणजे जो अजून आलेला नाही, आणि आपण त्याची वाट बघतोय हे ज्याला माहीतही नाही. ‘चांगलं गिऱ्हाईक सापडलं’ असं आपण हसत म्हणतो तेव्हा मात्र आपल्याला लीडच म्हणायचं असतं.

पण हे काम वाईटच होतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि खोटंही. एका संध्याकाळी मी एका नर्सबाईंना फोन केला. त्या आधी भडकल्या. नाइट ड्यूटी करून झोपल्या होत्या. मग फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “तीस लाखांत काही आहे का?” तीस लाखांत नव्हतं, पण थोडं वर होतं आणि कर्ज बसत होतं. जानेवारीत त्यांनी घर घेतलं. माझ्या कॉलवरून अशी तीन घरं गेली. त्या तिन्ही दारांवर आज कुणाच्या तरी नावाची पाटी आहे, आणि त्याचा मला अजूनही आनंद आहे. मीरा-भाईंदर हे शहरच घर शोधत आलेल्यांचं. २००१च्या जनगणनेत इथे ५ लाखांच्या थोडी वर माणसं होती, २०११मध्ये ८ लाखांच्या वर. मुंबईत परवडलं नाही म्हणून दहिसर चेकनाका ओलांडून आलेली. माझे बाबाही त्यांतलेच. पेपरातली जाहिरात कापून खिशात घालून आलेले. कुणीतरी घर आहे हे सांगितलं नसतं तर ते आले नसते.

पण बाबांनी जाहिरात कापली होती. जाहिरातीने बाबांना कापलं नव्हतं.

*

ऑक्टोबरच्या शेवटी टार्गेट कमी पडत होतं. मॅनेजरने सांगितलं, प्रत्येकाने आपल्या ओळखीतल्या दहा ‘जेन्युइन’ लीड द्यायच्या. ओळखीतली लीड साइट व्हिजिटला आली तर पाचशे रुपये.

माझी मावशी भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या बाजूला भाड्याने राहायची. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायचो. त्याच महिन्यात मेथी निवडता निवडता तिने मला सांगितलं होतं की काकांची कंपनी लॉकडाऊननंतर उघडलीच नाही, हिशेबाचे पैसे आलेत, घरमालक फ्लॅट विकायला काढतोय आणि अकरा महिन्यांचा करार संपला की पुढे काय, या विचाराने तिला झोप येत नाही. “काकांना बोलू नकोस हं,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं, मला काही कळत नाही.”

सोमवारी मी शीट भरली. नऊ नावं मित्रांची टाकली. दहाव्या ओळीत मावशीचा नंबर. रिमार्कमध्ये लिहिलं: “हॉट. भाड्याने. ओनर खाली करायला सांगतोय. हझबंडचे सेटलमेंटचे पैसे आलेत. डिसिजन लेडी घेईल.”

चारही प्रश्नांची उत्तरं. आठ महिन्यांत माझ्या हातून इतकी पक्की लीड दुसरी झाली नाही.

तिला फोन मी केला नाही, दुसऱ्या टीमच्या मुलीने केला. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा मावशीचा चेहरा उतरलेला होता. “अरे, परवा एका बाईचा फोन आला. तिला सगळं ठाऊक. मालक घर विकतोय, यांचे पैसे आलेत, सगळं. मी विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला? तर म्हणते, मॅडम, तुम्हीच वेबसाइटवर इन्क्वायरी केली होती. मला बाई वेबसाइट कुठे उघडता येते! तू फोनचंच काम करतोस ना रे, हे लोक नंबर कुठून मिळवतात?”

मी म्हणालो, “मावशी, हल्ली सगळीकडे डेटा विकला जातो.”

हे वाक्य खरं होतं. मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात मोठं खोटंही तेच.

मावशीने स्वतःच शोध लावला. हे सगळं तिने अजून एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, समोरच्या दारातल्या काकूंना. बारा वर्षांचा शेजार. एकमेकींच्या घरच्या किल्ल्या एकमेकींकडे. मावशीने त्यांना सरळ विचारलं नाही. फक्त बोलणं कमी केलं. किल्ली परत मागून घेतली. दिवाळीचा फराळ त्या वर्षी समोरच्या दारात गेला नाही. काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं. पुढच्या वर्षी त्या विरारला मुलाकडे राहायला गेल्या.

मावशी साइट व्हिजिटला गेली नाही. मला पाचशे रुपये मिळाले नाहीत. कुणाचा एक पैसाही बुडाला नाही. तरी काहीतरी बुडालं होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

*

फोनवरच्या खोट्याचं नाव निघालं की आमच्या शहरात सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०१६. मी बारावीत होतो. ठाणे पोलिसांनी एका रात्री मीरा रोडमधल्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून जास्त मुलामुलींना ताब्यात घेतलं. त्यांतल्या ७० जणांना अटक झाली. इथे बसून ते अमेरिकेत फोन करायचे, आपण तिथल्या आयकर खात्यातून बोलतोय असं सांगायचे, थकबाकीसाठी अटकेची भीती घालायचे आणि प्रीपेड किंवा गिफ्ट कार्डांवर पैसे उकळायचे. त्याच महिन्यात, २७ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच फसवणुकीसाठी ६१ व्यक्ती आणि संस्थांवरचं आरोपपत्र उघड केलं. त्यात अहमदाबादची कॉल सेंटरं होती. लोकांची माहिती डेटा ब्रोकर आणि इतर मार्गांनी मिळवली जायची, असं त्यात म्हटलं होतं. थोडक्यात, तिथेही सुरुवात एका यादीनेच झाली होती.

आमच्या ऑफिसात यावर विनोद व्हायचे. आम्ही त्यांच्यासारखे नाही, हे सांगण्यासाठीच ते विनोद असायचे. आणि आम्ही त्यांच्यासारखे नव्हतोच. आमच्याकडे खरे फ्लॅट होते, महारेराचे नंबर होते.

पण त्या प्रकरणात मला एक गोष्ट फार उशिरा दिसली. त्या ठगांनी आयकर खात्याचंच सोंग का घेतलं? भीती वाटावी म्हणून, हे तर झालंच. पण अजून एक कारण मला वाटतं. सरकारला कुणी विचारत नाही, ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ सरकारकडे तो असणारच, हे आपण गृहीत धरतो. आजच्या ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांचंही तेच. पोलीस, कस्टम्स, सीबीआय. तो एक प्रश्न विचारताच येणार नाही, असा वेष घालायचा. म्हणजे ठगांनाही पक्कं माहीत आहे की खरा धोका त्याच प्रश्नात आहे.

आमची स्क्रिप्टही तो प्रश्न मारण्यासाठीच लिहिलेली होती. त्यांनी तो भीतीने मारला, आम्ही संभ्रमाने. गुन्हा म्हणून दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण सुरुवातीची पायरी एकच होती.

*

नोकरी सोडल्यावर मी बरेच दिवस स्वतःला एक उत्तर देत होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक एलआयसीवाले काका होते. कुणाला मूल झालं की पेढे खायला ते पहिले हजर. कुणाला नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी बेल. लीड शोधणं त्यांच्याइतकं कुणाला जमलं नसेल. पण लोक त्यांच्यावर चिडायचे नाहीत, कंटाळायचे फार तर. माझं म्हणणं असं होतं की काकांना पुढची वीस वर्षं त्याच जिन्यात त्याच लोकांना तोंड दाखवायचं होतं. फोनने ते तोंड काढून घेतलं. चूक फोनची, अंतराची.

हे उत्तर ऐकायला छान आहे. अडचण एवढीच की मावशीच्या बाबतीत अंतर नव्हतंच. मी दर रविवारी तिला तोंड दाखवत होतो. तिच्या हातची भाकरी खात होतो. ओळख होती म्हणूनच ती लीड इतकी पक्की झाली. नात्यातल्या माणसांना साखळी योजनांमध्ये ओढणाऱ्यांनाही रोज तोंड दाखवावं लागतंच. ओळखीने माणूस सुरक्षित होत नाही. कधी कधी तो ओळखीनेच जास्त उघडा पडतो.

इथे मला इमान्युएल कांटची मदत झाली. कॉलेजात त्याचं नाव ऐकलं होतं, वाचलं नंतर. १७८५च्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. सगळा अर्थ त्या ‘केवळ’मध्ये आहे. दूधवाला माझं साधन आहे, मी त्याचं. त्यात काही वाईट नाही. मग ‘केवळ’ कुठे सुरू होतं? कांट खोटं वचन देऊन पैसे उसने घेणाऱ्याचं उदाहरण देतो. तिथे फसवला जाणारा माणूस त्या व्यवहाराला संमती देऊच शकत नाही, कारण व्यवहार काय आहे हे त्याला माहीतच नाही. नाही म्हणायची संधीच काढून घेतलेली असते.

मला वाटतं, ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ हा कांटचा प्रश्न आहे, फक्त आपल्या बोलीत. तो विचारणारा माणूस म्हणत असतो: माझ्याबद्दल तुला काहीतरी माहीत आहे, आणि तुला ते माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. ते आधी समान कर, मग बोलू. याचं खरं उत्तर देता आलं आणि ते ऐकूनही समोरचा फोनवर थांबला, तर ती लीड स्वच्छ. खरं उत्तर देण्याची लाज वाटत असेल तर ती लीड नाही, उचलेगिरी आहे. मग तुमचा माल कितीही चांगला असो.

एलआयसीवाले काका या कसोटीला उतरतात. त्यांना कुणी विचारलं असतं, “तुम्हाला कसं कळलं?” तर ते म्हणाले असते, “अहो, पेढे वाटताना बघितलं.” जिन्यामुळे नाही, या उत्तरामुळे ते वेगळे.

१९९२चा ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ सिनेमा पाहिलात तर त्यात जमिनी विकणारे सेल्समन चांगल्या लीडसाठी तळमळतात, शेवटी ऑफिस फोडून त्या चोरल्या जातात. चोरी झाली म्हणून मोठा गदारोळ होतो. पण चोरी कुणाची? मालकाची. यादीत ज्यांची नावं आहेत त्यांचं काही चोरलं गेलं का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. आमच्या ऑफिसातही ‘माझी लीड कोणी उचलली?’ यावरून भांडणं व्हायची. सगळे ‘माझी’ म्हणायचे.

कायदा हळूहळू तो प्रश्न विचारायला लागला आहे. १९०९ वर डीएनडी नोंदवता येतं. टेलिमार्केटिंगसाठी १४०ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत (आम्हाला मात्र साधी प्रीपेड सिमं दिली होती). २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून दिलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं. हे सगळं चांगलंच आहे. पण मावशी तक्रार करायला गेली असती तर कुणाविरुद्ध? तिच्या मते गुन्हेगार समोरच्या दारात राहत होती.

आणि तुमच्या फोनमध्ये आत्ता किती नंबर आहेत? एखादं नवं अ‍ॅप ‘कॉन्टॅक्ट्स वापरू का?’ असं विचारतं तेव्हा ते तुम्हाला विचारतं, त्या चारशे माणसांना नाही. ‘अलाऊ’ दाबायला अर्धा सेकंद पुरतो. मी मावशीची ओळ भरायला दोन मिनिटं घेतली होती. फरक एवढाच.

*

गेल्या गणपतीत मी मावशीला सांगितलं. आरती झाल्यावर, गॅलरीत. आता ती नायगावला स्वतःच्या घरात राहते, छोटं आहे पण स्वतःचं. मी सगळं सांगितलं, रिमार्कसकट.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “विचारलं असतंस तर मीच दिला असता की नंबर. तुझं टार्गेट होतं ना?”

मला रागाची तयारी होती. याची नव्हती. पाच वर्षं मी समजत होतो की मी तिचं गुपित फोडलं. खरं म्हणजे मी तिच्याकडून एक ‘हो’ हिसकावून घेतला होता, जो तिने हसत दिला असता.

मग ती म्हणाली, “पण त्यांचं काय रे?” आणि फोनमधून समोरच्या काकूंचा नंबर काढून माझ्यासमोर धरला. “मला नाही जमणार. तू कर.”

मी दोन दिवसांनी केला. आठ महिन्यांत वीस-बावीस हजार तरी कॉल केले असतील, पण इतका हात कधी थरथरला नव्हता. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. मी नाव सांगितलं. त्यांना ओळख लागेना.

“कोण?” त्या म्हणाल्या. “माझा नंबर कुठून मिळाला?”

मी सांगायला सुरुवात केली.